वृद्धाश्रम पारखायचा तर शेवटच्या खाटेपासून

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई गोव्यात साखळी गावाला एकटी, वय ७९, मधुमेह जुना, गेल्या आषाढात मागल्या दारी घसरून पडली आणि हल्ली शेगडी बंद करायला विसरते. तुम्ही मस्कतला, रजा आठ दिवसांची. दोन वृद्धाश्रम बघून आलात, एक म्हापशाच्या बाजूचा आणि एक फोंड्याकडचा. दोन्ही स्वच्छ, दोन्हीकडे देवघर, दोन्हीकडे चहा झाला. आता विचारताय की यातला सुरक्षित कुठला ते ओळखायचं कसं, आणि सरकारी तपासणी झालेली असतेच ना?

मी सरकारी इस्पितळात तेहतीस वर्षं नर्स होते, शेवटची काही वर्षं मेट्रन. निवृत्तीनंतर वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मुलींना शिकवते, आणि कुणी बोलावलं तर वृद्धाश्रम बघून लेखी अभिप्राय देते. त्या अनुभवावर लिहिते.

तपासणीचं आधी उरकते, कारण उत्तर छोटं आहे: त्यावर विसंबू नका. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा जो २००७ चा केंद्रीय कायदा आहे, तो मुलांनी आईबापांना पोसावं यावर भर देतो. वृद्धाश्रमांबद्दल त्यात एवढंच आहे की सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा, हळूहळू उभारावा. खाजगी वृद्धाश्रमात रात्री माणसं किती हवीत, औषधं कुणी द्यायची, याचा त्यात शब्द नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्तीचं विधेयक आलं, त्यात नोंदणी आणि किमान दर्जाची कलमं होती. ते मंजूर व्हायच्या आधीच लोकसभेची मुदत संपली. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला नोंदणीचा दाखला बहुतेक वेळा सोसायटीचा नाहीतर ट्रस्टचा असतो. संस्था जन्माला आली, एवढंच तो सांगतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढची माणसं शंभरात अकराच्या वर होती, देशात साडेआठच्या आसपास. आपल्या पुढे फक्त केरळ. मुलं आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात, आणि गावोगावी मोठी रिकामी घरं. त्यातल्या काही घरांवर वृद्धाश्रमाची पाटी चढते, एवढा साधा हिशेब आहे.

म्हणजे तपासनीस तुम्हीच.

दोन्ही ठिकाणी तुम्हाला हॉल दाखवला असणार. तिथे बसलेल्या, लुगडं नीट नेसलेल्या, 'खंयच्यान आयलो रे बाबा' (कुठून आलास) म्हणून विचारणाऱ्या आजी दाखवल्या असणार. या आजींचं कुठल्याही वृद्धाश्रमात बरंच चालतं. त्या पाणी मागू शकतात, भांडू शकतात, मुलाला फोन लावू शकतात. पुढच्या भेटीत सरळ म्हणा, "अंथरुणाला खिळलेली माणसं कुठे आहेत? ती खोली बघू." ही खोली बहुधा मागे असते, स्वयंपाकघराच्या पलीकडे. "आता स्पंजिंग चाललंय" म्हणाले तर अर्धा तास थांबा. दुसऱ्यांदाही टाळलं तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. तुमची आई आज हॉलमधली आहे, पण मधुमेह आणि विसरणं दोन्ही बघता पुढे कधीतरी ती मागच्या खोलीत जाणार. तुम्ही पैसे भरताय ते खरं तर त्या खोलीचे.

त्या खोलीतली सगळ्यात शेवटची खाट बघा, जिच्यावरच्या बाईला बोलता येत नाही. दुसऱ्याच्या आईची चादर उचलायची नाही, तो अधिकार तुमचा नाही. मी जाते तेव्हाही आधी तिच्या कानाशी वाकून सांगते आणि मगच हात लावते. पण न उचलताही पुष्कळ दिसतं. ओठ सुकलेत का? पाण्याचा पेला कुठे आहे? खिडकीत झाकण घालून ठेवलेला पेला हा पेला नव्हे, तिचा हात तिथवर पोचत नाही. केस विंचरलेत का, ते महत्त्वाचं नाही, पाहुणे येणार म्हटल्यावर केस दोन मिनिटांत विंचरून होतात. नखं बघा. हाताची आणि पायाची. पायाच्या अंगठ्याचं नख वळून मांसात चाललं असेल तर या बाईचा पाय कित्येक महिन्यांत कुणी हातात धरलेला नाही, आणि हे एका सकाळीत लपवता येत नाही.

टाचा उघड्या असतील तर त्याही बघा. पडून राहिलेल्या माणसाला जखम होते ती माकडहाडावर, टाचांना, खुब्यांवर. सुरुवात साध्या लालसर डागाने होते, बोटाने दाबलं तरी तो पांढरा पडत नाही. ही चारातली पहिली पायरी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतच नाही, जागा हाताला गरम नाहीतर टणक लागते, हे मी मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. इथेच ओळखलं तर कूस बदलून बरं होतं. चौथ्या पायरीला हाड दिसतं. उपाय म्हणजे साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं आणि अंग कोरडं ठेवणं. कूस बदलल्याचा तक्ता मागा, आणि तक्ता हातात घेऊन खाटेकडे बघा. तक्त्यात अकरा वाजता 'डावी कूस' आणि साडेअकराला बाई उताणी, असं मी कितीदा पाहिलंय. हवेची गादी दिसली की नातेवाईक खूश होतात. खाली वाकून तिचा पंप चालू आहे का बघा. एका ठिकाणी पंपाची पिन काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावला होता. गादी चपटी, आजी लोखंडाच्या पट्ट्यांवर.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका जुन्या घरातला वृद्धाश्रम बघायला मला बोलावलं होतं. ऐसपैस बलकांव, म्हणजे पुढचा व्हरांडा, चकचकीत फरशी, बावीस माणसं. मी सकाळी अकराला गेले, सांगून गेले. सगळं जागच्या जागी होतं. मागची खोलीही ठीक. मी चांगला अभिप्राय लिहून दिला. तीन आठवड्यांनी तिथल्या एका आजीच्या नातीचा फोन आला. ती रात्री आठला अचानक गेली होती, तर जेवणं साडेसहालाच उरकलेली, दिवे मालवलेले आणि बायकांच्या खोलीला बाहेरून कडी. मला वाटलं, पोरगी वाढवून सांगते. तरी एका रात्री साडेनऊला मी न सांगता गेले. बावीस माणसांमागे एक मुलगी, एकोणीस-वीस वर्षांची, दिवसभर राबून तीच रात्रीला. कडी खरीच होती. का लावतेस विचारलं तर म्हणाली, "आजी रात को घूमती हैं, गिर जाएँगी तो मेरे ऊपर आएगा." मागच्या दाराची चावी मागितली. चावी सरांकडे. सर शेजारच्या गावात. खिडक्यांना चोरांच्या भीतीने बसवलेले गज.

१ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलाशमधल्या एका वृद्धनिवासात आग लागली, त्यात दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. ती बातमी वाचली तेव्हा मला ती चावी आठवली. त्या घरात काही झालं नाही, कडी आम्ही काढायला लावली, रात्रीला दुसरी बाई ठेवायला लावली. पण माझा अभिप्राय चुकला तो अकरा वाजता गेल्यामुळे. अकरा वाजता सगळेच चांगले असतात.

म्हणून तुमच्या आठ दिवसांत तीन फेऱ्या करा. एक सांगून, कागद बघायला. दुसरी संध्याकाळी सातला, न सांगता. तिसरी पहाटे सहाला. "विमानाची वेळ आहे, जाता जाता आलो" म्हणा, खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी. पहाटे सहाला खोलीत शिरल्या शिरल्या वास घ्या. थोडा लघवीचा वास सगळीकडे असतो, त्याने घाबरू नका. रात्रभर मुरलेला, डोळ्यांना झोंबणारा वास वेगळा असतो. आणि फिनाइलचा भपकारा आला की मला उलट शंका येते, तो बहुधा आपल्यासाठीच असतो.

रात्रीच्या मुलीला, मालकांना नव्हे, एक प्रश्न विचारा: "रात्री तीनला आजी घामाने भिजली आहे, कुणाला ओळखत नाही, बडबडते आहे. काय करशील?" तुमच्या आईच्या बाबतीत हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा. मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसाची साखर रात्री उतरते, विशेषतः जेवण साडेसहाला उरकलं आणि गोळी नाहीतर इन्सुलिन नेहमीइतकंच दिलं तर. बरोबर उत्तर असं: यंत्राने साखर बघीन, ७० च्या खाली असेल आणि ती शुद्धीवर असेल तर साखरेचं पाणी पाजीन, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघीन. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालणार नाही, १०८ ला फोन करीन. "मॅडमना फोन करीन" एवढंच उत्तर आलं तर विचारा, मॅडमनी उचलला नाही तर? मग म्हणा, ग्लुकोमीटर दाखव. कपाटाला कुलूप आणि चावी ऑफिसात, असंही निघतं. इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशात राहायला हवं. फ्रिज उघडून बघा. दारात, अंड्यांच्या खाली, नाव न लिहिलेल्या तीन कुप्या असतील तर कुठली कुणाची हे त्यांना तरी कळतं का?

औषधांच्या वहीबद्दल एकच खूण सांगते. सकाळी दहाला गेलात तर दुपारच्या आणि रात्रीच्या रकान्यात बघा. मी एकदा अकराला वही उघडली तर रात्री नऊच्या सह्या होऊन गेलेल्या होत्या, सगळ्यांच्या, एकाच शाईने, एकाच ओघात. मुलगी हुशार होती, काम वाचवत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की सही गोळी गिळल्यावर करायची असते. आणि झोपेच्या गोळ्या किती जणांना चालू आहेत ते विचारा. दुपारी तीनला निम्मा हॉल माना टाकून झोपलेला असेल तर ते दुपारच्या जेवणामुळे नाही. अल्प्राझोलॅम किंवा क्वेटियापिन रात्री फिरणाऱ्या आजीला देऊन टाकलं की रात्रीची एक बाई वाचते. ही औषधं वाईट नाहीत, पण कुणी, कशासाठी, किती दिवसांसाठी लिहून दिली याची चिठ्ठी हवी. आणि सकाळी ती आजी पडली तर आदल्या रात्रीच्या गोळीचा विचार कुणीतरी करायला हवा.

पडण्यावरून आठवलं. अपघाताची वही मागा. "आमच्याकडे कुणी पडत नाही" असं जो म्हणेल त्याच्याकडे आईला ठेवू नका. पासष्टीच्या पुढे दर तिघांतला जवळपास एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, हा जगभरचा अनुभव. तीस माणसांच्या घरात वर्षभरात एकही नोंद नाही म्हणजे लोक पडतात आणि लिहिलं जात नाही. मला भरलेली वही आवडते. अमुक आजी, पहाटे साडेचार, संडासाला जाताना, ओली फरशी, आणि पुढे 'दिवा बदलला, पायपुसणं काढलं' असं लिहिलेलं असेल तर त्या घरात डोकं चालतंय.

न्हाणीघरात जा आणि भिंतीवरच्या आधाराच्या दांड्याला धरून आपला सगळा भार टाका. निम्म्या ठिकाणी ती टॉवेलची दांडी असते, दोन स्क्रूंवरची, हातात येते. दाराची कडी बाहेरून उघडता येते का ते बघा, कारण आत पडलेला माणूस दाराला अडूनच पडतो. बादलीत आधी थंड पाणी घालतात की कढत, तेही विचारा. जुन्या मधुमेहाने पावलांची जाणीव गेलेली असू शकते, मग पाय भाजला तरी आई ओरडणार नाही. पाणी ४३ अंशांच्या वर नको. गिझरमधून थेट येणारं ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत पोळवतं.

इथे आपल्या पावसाचंही बोललं पाहिजे. तुम्ही आता कोरड्या दिवसांत बघताय. चिऱ्यांच्या पायऱ्या, अंगणातलं शेवाळ, बलकांवातून आत येणारी झड, हे तुम्हाला दिसणार नाही. म्हणून विचारा: "श्रावणात चादरी कुठे वाळवता?" प्रश्न बावळट वाटतो, पण याचं उत्तर ज्याच्याकडे तयार असतं त्याने तो पावसाळा खरंच काढलेला असतो. ज्याला रात्री लघवी आवरत नाही त्याला दिवसाला दोन-तीन चादरी लागतात. दर खाटेला किती चादरी आहेत, सुकवायचं यंत्र आहे की पडवीत दोऱ्या बांधतात? दोऱ्या बांधल्या की पाणी ठिबकतं, खाली फरशी ओली, आणि तिथूनच संडासाची वाट. ओलसर चादर परत घातली की कातडी सोलते. माझ्या मते श्रावणातल्या चादरी वृद्धाश्रमाबद्दल जेवढं सांगतात तेवढं कुठलंही माहितीपत्रक सांगत नाही. तसंच विजेचं. वादळात झाड तारांवर पडलं की वीज रात्रभर जाते. इन्व्हर्टरवर हॉलमधला पंखा आणि देवघर चालतं, की मागच्या खोलीतली हवेची गादी आणि ऑक्सिजनचं यंत्र?

आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कोण असतं? तुम्ही गोव्याचे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. चवथीचे पाच दिवस इथल्या बायका कामावर येत नाहीत, येऊही नयेत. मग स्वयंपाक कोण करतो, रात्रीला कोण? गेल्या चवथीचा हजेरीपट मागून बघा.

जेवणाचं तुम्ही विचारलंच नाहीत, पण आईच्या दृष्टीने दिवसातली मोठी गोष्ट तीच. भिंतीवरच्या आठवड्याच्या यादीत पनीर-पुलाव वाचून भुलू नका. जेवायच्या वेळी बसा. आपल्या म्हाताऱ्या माणसांना सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर लोणच्याची फोड, दुपारी शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, लागतं. ते मिळालं की दोन घास जास्त जातात. मात्र विसरणारं माणूस भराभर गिळतं, बांगड्याचा काटा काढून देणारं कुणी आहे का ते बघा. भरवताना बाईला ताठ बसवलंय की उशीला रेलवूनच चमचा कोंबला जातोय? रेलून गिळलेलं छातीत जातं. मग 'निमोनिया झाला' म्हणून गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आणतात, आणि तो मुळात चमच्याचा निमोनिया असतो. सगळ्यात खरी साक्ष वजनाच्या वहीची. दर महिन्याला वजन होतं का? महिन्यात शंभराला पाच किंवा सहा महिन्यांत शंभराला दहा या प्रमाणात वजन उतरलं असेल तर कुणाला तरी घंटा वाजायला हवी. वजनकाटाच नसेल तर पुढचं विचारूच नका.

भाषेबद्दल थोडं सविस्तर, कारण हे सुरक्षिततेत कुणी धरतच नाही. मुली आता झारखंडच्या, ओडिशाच्या, उत्तर कर्नाटकातल्या. कष्टाळू असतात, मला त्यांच्याबद्दल माया आहे. एकदा मी खोलीत असताना एक आजी कोंकणीत म्हणत होती, "म्हाका तान लागल्या, तान लागल्या," म्हणजे तहान लागली आहे. मुलीने मान डोलावली आणि मोबाइलवर भजन लावून दिलं. तिला वाटलं, आजीला गाणं हवंय. उन्हाळ्यातली दुपार, आजीची जीभ चामड्यासारखी. घुंवळ (चक्कर), तान (तहान), उजो (आग), चाबता (चावतं), एवढे शब्द जरी मुलींना शिकवले तरी अर्धी दुखणी वेळेवर कळतील. तुम्ही ज्या घराची निवड कराल तिथे एका कागदावर आईचे शब्द लिहा, समोर हिंदीत अर्थ लिहा, आणि तो खाटेशी चिकटवा. घरी कोंकणी आणि वाचायला मराठी पेपर, ही आपली जुनी सवय. पेपर कुठला हवा तेही लिहा. विसरणाऱ्या माणसाला रोजचा पेपर दिवस लक्षात ठेवायला मदत करतो.

माझी भाची इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे, तिथे आपली पुष्कळ माणसं आहेत. ती वृद्धाश्रमात काम करते. तिकडे २००९ पासून सरकारचा स्वतंत्र आयोग आहे. त्यांचे तपासनीस बरेचदा न सांगता येतात, घर सुरक्षित आहे का, माणसं मायेने वागतात का, कारभार कसा आहे, असं पाच अंगांनी बघतात आणि चारांपैकी एक दर्जा देतात. तो दर्जा दारावर लावणं बंधनकारक. तिकडेही वाईट घरं आहेतच, भाची सांगते ती. पण त्यांची एक रीत मी उचलली. बोलता न येणारी माणसं असतात तिथे तपासनीस हॉलच्या कोपऱ्यात बसून राहतो आणि दर पाच मिनिटांनी टिपतो: हिच्याशी कुणी बोललं का, कसं बोललं, हिचा चेहरा कसा आहे. तुम्हीही एक तास बसा. फोन खिशात ठेवा. तीन माणसं निवडा आणि फक्त त्यांच्याकडे बघा. मुलगी पेला पुढे करताना आजीच्या नजरेला नजर देते का? खुर्ची मागून अचानक ओढते की "आजी, आतां उठूंया" म्हणते? एका तासात तिघींपैकी एकीशीही कुणी शब्द बोललं नसेल, तर टीव्ही कितीही मोठा असू दे.

कागदांचं थोडक्यात. करारात अनामत परत कधी मिळते, इस्पितळात न्यायची वेळ आली तर सोबत कोण थांबणार आणि त्याचे पैसे कोण देणार, आणि 'आता आम्हाला जमत नाही' म्हणून ते आईला किती दिवसांच्या नोटिशीने परत पाठवू शकतात, ही तीन कलमं वाचा. बाकी वकिलाला दाखवा. घर किंवा जमीन संस्थेच्या नावे करण्याची गोष्ट कुणी काढली तर तिथून निघा. वर सांगितलेल्या २००७ च्या कायद्यात २३ वं कलम आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण ती अट कागदावर स्पष्ट लिहिलेली बरी, आणि सगळ्यात बरं म्हणजे ती वेळच येऊ न देणं.

तुमच्या परिस्थितीत नाही, पण वाचणाऱ्या कुणाला पैशाची अडचण असेल तर पोर्तुगीज काळापासूनची प्रोव्हेदोरिया, म्हणजे वृद्धाश्रम चालवणारी सरकारी संस्था, आहेच. जुनी माणसं तिथल्या वृद्धाश्रमांना आझिल म्हणतात, त्या शब्दाची लाज वाटायचं कारण नाही. पारखायची रीत तिथेही हीच. कुठेही मारहाण, कोंडून ठेवणं, उपासमार दिसली तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक फुकट आहे, आणि समाजकल्याण खात्याकडे लेखी तक्रार करा. तक्रारीत तारीख, वेळ आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहा. 'फार वाईट वागवतात' या वाक्याने कुणी हलत नाही, '१४ तारखेला रात्री ९.४० ला दाराला बाहेरून कडी' याने हलतात.

एक मात्र तुम्ही घाईत विसरताय असं वाटतं. आईचं विसरणं कुठल्या डॉक्टरने तपासलंय का? शेगडी विसरणं थायरॉइडने होतं, बी-१२ कमी झाल्याने होतं, साखर वरखाली झाल्याने होतं, मन खचल्यानेही होतं. आधी गोमेकॉत दाखवा. डिमेन्शियाच निघाला तरी लगेच घर सोडावंच लागतं असं नाही. इथे गोव्यातच डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्थानिक माणसांना शिकवून डिमेन्शिया असलेल्यांच्या घरी पाठवलं, सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने हलका झाला, आणि २००८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. साखळीच्या घरी दिवसाची एक बाई आणि रात्रीची एक, याचा हिशेब एकदा करून बघा. कधी कधी तो वृद्धाश्रमाच्या जवळपास येतो. नाही जमलं तर नाही, त्यात अपराध काही नाही. शिवाय आईला विचारलंत का? प्रश्नात तिचं म्हणणं कुठे दिसलं नाही.

ठरलंच, तर पहिल्या दिवशी ते आईची तपासणी करतात का ते बघा. वजन, कातडी, चालणं, औषधांच्या पट्ट्या एकेक करून. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र यांवर नाव घाला. कवळ्या धुताना अदलाबदल होतात, मी एका आजीच्या तोंडातून दुसरीची कवळी काढली आहे आणि ती तीन दिवस जेवली नव्हती. महिनाभराने व्हिडिओ कॉल कराल तेव्हा आई 'बरें आसा' म्हणेलच, शेजारी कुणी उभं असेल तर नक्कीच म्हणेल. म्हणून साखळीतलं एखादं माणूस ठरवा, भाचा, शेजारीण, जुनी मोलकरीण, कुणीही, जे पंधरा दिवसांतून एकदा वेळ न सांगता जाईल आणि तुम्हाला चार गोष्टी कळवील: वजन, टाचा, पाण्याचा पेला, नखं.

आणि तुम्ही मस्कतला परतायच्या आदल्या संध्याकाळी आईच्या हाताची नखं स्वतः कापून जा. ती महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतात. ते माणूस पहिल्यांदा जाईल तेव्हा त्याला एक फोटो काढून पाठवायला सांगा.